बुरूज बांधण्यापूर्वी

संत लूक याच्या शुभवर्तमानाच्या चौदाव्या अध्यायात प्रभू येशूने बुरूज बांधू पाहणाऱ्या मनुष्याचा दाखला दिला आहे. शहाणा मनुष्य कामास हात घालण्यापूर्वी स्वस्थ बसतो, एकंदर खर्च किती येईल याचा अंदाज घेतो आणि काम शेवटास नेण्यापुरते द्रव्य आपल्यापाशी आहे की नाही हे पाहतो. तसे न केले तर पाया तेवढा घातला जातो, भिंती अर्ध्यावर राहतात आणि वाटेने जाणारे-येणारे हसतात. हा दाखला आपण मिस्सात अनेकदा ऐकतो व त्याचा पारमार्थिक अर्थ मनात साठवतो. तो योग्यच आहे. परंतु प्रभूने तो सांगितला गावच्या माणसांना. दगडाचा भाव, गवंड्याची मजुरी आणि अर्धवट राहिलेल्या घराची लाज त्यांना चांगली ठाऊक होती. म्हणून त्याचा व्यावहारिक अर्थही आपण टाकून देऊ नये.

या दाखल्याची आठवण आम्हांस झाली ती एका पत्रामुळे. लालबर्रा तहसिलीतील एका शेतकरी वाचकाने ते धाडले आहे. घरी पाच एकर धानाची जमीन. थोरला मुलगा बी.एस्‌सी. झालेला, धाकटी मुलगी अकरावीत. शहरातील एका एजंटामार्फत मुलास इंग्लंडमधील एका विद्यापीठात एक वर्षाच्या पदव्युत्तर अभ्यासासाठी प्रवेश मिळाला आहे. फी सोळा हजार पौंड. एजंट म्हणतो, फीची सोय करा, पुढचे सगळे मुलगा तेथे काम करून भागवील. जमिनीला गिऱ्हाईक आणून देण्याची तयारीही त्याने दाखवली आहे. पत्राच्या शेवटी बापाने विचारले आहे, “शेत विकावे, की मुलाचे मन मोडावे?”

पुष्कळ कुटुंबांत आज हाच प्रश्न उभा असल्यामुळे त्याचे उत्तर आम्ही येथे सर्वांसाठी देत आहो. आमचे पहिले म्हणणे असे की, प्रश्न या दोन गोष्टींपुरताच नाही. शेत विकणे आणि मन मोडणे यांच्यामध्ये बऱ्याच वाटा आहेत. त्या दिसण्यासाठी आधी पाटी-पेन्सिल घेऊन बसले पाहिजे. तेव्हा बसू या.

पौंडाचा भाव रोज बदलतो. हिशेबाच्या सोयीसाठी तो १२० रुपये धरू. सोळा हजार पौंड फी म्हणजे १९ लाख २० हजार रुपये. एजंटाने सांगितलेला आकडा येथे संपतो. परंतु इंग्लंडचे सरकार फीवर समाधान मानीत नाही. विद्यार्थ्यापाशी नऊ महिन्यांच्या राहण्या-जेवण्याचे पैसे आहेत याचा पुरावा ते मागते. नोव्हेंबर २०२५ पासून ही रक्कम लंडनबाहेर महिना १,१७१ पौंड आहे. नऊ महिन्यांचे १०,५३९ पौंड झाले. हे पैसे खात्यात सलग २८ दिवस असावे लागतात. त्याशिवाय आरोग्यसेवेचा अधिभार वर्षाला ७७६ पौंड. एक वर्षाच्या अभ्यासक्रमाला व्हिसा सुमारे सोळा महिन्यांचा मिळत असल्याने तो दीड वर्षाचा, म्हणजे १,१६४ पौंड भरावा लागतो. बेरीज करा: २७,७०३ पौंड, रुपयांत ३३ लाख २४ हजारांहून अधिक. व्हिसाची फी, विमानाचे तिकीट, इंग्रजीची परीक्षा आणि थंडीचे कपडे यांत आलेले नाहीत.

आता ही रक्कम आपल्या मापात मोजू. २०२५-२६ च्या खरिपासाठी साध्या धानाचा सरकारी आधारभाव क्विंटलला २,३६९ रुपये होता. त्या भावाने ३३ लाख २४ हजार म्हणजे चौदाशे क्विंटल धान. एकरी वीस क्विंटल पीक आले असे मानले तर सत्तर एकरांचे एका हंगामाचे सगळे पीक. आणि त्यातही बी, खत, रोवणीची मजुरी, ट्रॅक्टर यांचा खर्च वजा केलेला नाही. आमच्या पत्रलेखकाकडे पाच एकर आहेत. बालाघाटच्या चिन्नोर तांदळाला २०२१ साली भौगोलिक मानांकन मिळाले आणि त्याच्या सुवासाची कीर्ती दूरवर गेली. परंतु पाच एकरांतला कोणताही तांदूळ हे ओझे एकट्याने उचलू शकणार नाही.

“मुलगा तेथे काम करून भागवील” हे जे सांगितले जाते, त्यालाही कायद्याने कुंपण घातले आहे. इंग्लंडमध्ये पदवी-पदव्युत्तर विद्यार्थ्यास सत्र चालू असताना आठवड्यास फक्त वीस तास काम करता येते. अमेरिकेत हीच मर्यादा आहे, आणि पहिल्या वर्षी ते काम विद्यापीठाच्या आवारातच करावे लागते. कॅनडात आवाराबाहेर चोवीस तासांची मुभा आहे. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस. अशी कमाई भाजीपाला आणि खोलीभाडे यांस हातभार लावते. फी तिच्यातून निघत नाही. व्हिसा देणारा अधिकारी तर ती जमेसच धरीत नाही. जो मुलगा तासांची मर्यादा चोरून ओलांडतो, त्याचा व्हिसा जातो; म्हणजे शेतही जाते आणि पदवीही.

दुसरी गोष्ट, रुपया घसरतो. २०२० च्या आरंभी अमेरिकेचा एक डॉलर सुमारे ७१ रुपयांस मिळत होता. २०२५ च्या डिसेंबरात तो ९० रुपयांवर गेला. वर्षाला वीस हजार डॉलर फी असेल, तर फी एका डॉलरनेही न वाढता रुपयांतला खर्च १४ लाख २० हजारांवरून १८ लाखांवर गेला. जुन्या पिढीने तर याहून मोठा धक्का सोसला आहे. जून १९६६ मध्ये सरकारने रुपयाचे अवमूल्यन केले आणि एका रात्रीत डॉलर ४ रुपये ७६ पैशांवरून साडेसात रुपयांवर गेला. परदेशी शिकणाऱ्या मुलांच्या घरी त्या वेळी काय चिंता पसरली असेल याची कल्पना करावी. म्हणून जो हिशेब आज कसाबसा जमतो, तो उद्या जमणार नाही असे धरूनच चालावे.

इतके वाचून कोणी म्हणेल, गरिबाच्या मुलाने परदेशी शिकूच नये असे तुमचे मत दिसते. तसे मुळीच नाही. आपल्या मराठी मुलुखाचा इतिहास त्याच्या उलट साक्ष देतो. मात्र त्या लोकांनी पैसा कोठून व कोणत्या अटींवर उभा केला, हे पाहण्यासारखे आहे.

आनंदीबाई जोशी १८८३ साली अमेरिकेस वैद्यक शिकावयास निघाल्या, तेव्हा त्यांनी प्रवासखर्चासाठी आपल्या अंगावरचे दागिने विकले. तिकडे श्रीमती कार्पेंटर या सद्गृहिणीने त्यांना आपल्या घरी लेकीप्रमाणे ठेवून घेतले. १८८६ साली त्या पदवीधर डॉक्टर झाल्या. परंतु प्रकृती आधीच ढासळली होती. पुढल्याच वर्षी फेब्रुवारीत, बाविसावे वर्ष पुरे होण्याआधीच त्या पुण्यात वारल्या. परक्या हवेत, काटकसरीत काढलेल्या दिवसांची किंमत शरीरालाही द्यावी लागते, हे त्यांच्या चरित्रातून आपण शिकतो. मुलाच्या खर्चाची यादी करताना जेवण आणि ऊब यांत कात्री लावू नये.

कॉर्नेलिया सोराबजी या नाशिकला १८६६ साली एका ख्रिस्ती कुटुंबात जन्मल्या. पुण्याच्या डेक्कन कॉलेजातून त्या अव्वल आल्या. त्या गुणांवर विलायतेची सरकारी शिष्यवृत्ती मिळावयास हवी होती, पण स्त्री म्हणून ती नाकारली गेली. तेव्हा इंग्लंडमधील हितचिंतकांनी वर्गणी जमवली. वर्गणीदारांत फ्लॉरेन्स नाइटिंगेल याही होत्या. १८८९ साली सोराबजी ऑक्सफर्डला दाखल झाल्या आणि १८९२ साली कायद्याची मोठी परीक्षा उतरल्या. स्त्रियांना पदवी देण्याचा नियम नसल्यामुळे पदवीचा कागद हाती येण्यास १९२२ साल उजाडले. एका घराला न पेलणारे ओझे पुष्कळ हात लागले की हलके होते, याचा हा दाखला.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांची गोष्ट तर प्रत्येक घरी मोठ्याने वाचली जावी अशी आहे. मुंबईस त्यांचे पदवीपर्यंतचे शिक्षण महाराज सयाजीराव गायकवाडांच्या मासिक मदतीने झाले. १९१३ साली बडोदे संस्थानने त्यांना न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठासाठी तीन वर्षे महिना साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती दिली. ती बिनशर्त नव्हती. परत आल्यावर दहा वर्षे संस्थानची नोकरी करण्याचा करार त्यांस लिहून द्यावा लागला. पुढे लंडनला अभ्यास चालू असतानाच शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ साली ते अभ्यास अर्धा टाकून परतले. बुरूज अर्धवट राहिला होता. परंतु त्यांनी हातपाय गाळले नाहीत आणि घर गहाणही टाकले नाही. १९१८ साली सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी धरली, पगारातून शिल्लक टाकली, कोल्हापूरच्या शाहू महाराजांचे साह्य घेतले, नवल भथेना या पारशी मित्राकडून पाच हजार रुपये उसने घेतले आणि १९२० साली पुन्हा लंडन गाठले. १९२३ साली लंडन विद्यापीठाने त्यांस डी.एस्‌सी. दिली. मधली तीन वर्षे वाया गेली असे कोण म्हणेल? त्या तीन वर्षांनीच उरलेला बुरूज बांधला.

आणि चौथे उदाहरण नागपूरकरांच्या ओळखीच्या माणसाचे. ज्या जमशेटजी टाटांनी १८७७ साली नागपूरला एम्प्रेस मिल सुरू केली, त्यांनीच १८९२ साली परदेशी उच्च शिक्षणासाठी एक निधी ठेवला. त्याची रीत अशी की, पैसा दान म्हणून नव्हे तर कर्ज म्हणून द्यावयाचा. शिकून आलेल्याने तो फेडावयाचा आणि त्याच पैशातून पुढच्या विद्यार्थ्याला पाठवावयाचे. निधीच्या पहिल्या मानकऱ्यांत एक स्त्री डॉक्टर होती. केरळातील उझवूर गावी गरीब दलित कुटुंबात जन्मलेले के. आर. नारायणन यांचे काही शालेय शिक्षण कॅथलिक शाळांत झाले. फी न भरल्याबद्दल वर्गाबाहेर उभे राहून धडा ऐकण्याची पाळी त्यांच्यावर येई. तेच नारायणन १९४५ साली या निधीच्या साह्याने लंडनला शिकावयास गेले आणि १९९७ साली राष्ट्रपती झाले. टाटांचा हा निधी आजही चालू आहे.

या चौघांच्या चरित्रांतून आम्हांस एक क्रम दिसतो, आणि तोच आम्ही आमच्या वाचकांपुढे ठेवतो. प्रथम शोधावी ती शिष्यवृत्ती, जी परत करावी लागत नाही. मग असा निधी, जो फेडल्यावर दुसऱ्याच्या कामी येतो. त्यानंतर स्वतःची शिल्लक. त्यानंतर बँकेचे कर्ज, तेही शिकणारा मुलगा स्वतःच्या कमाईतून फेडू शकेल एवढेच. आणि घरची जमीन सर्वांच्या शेवटी. खरे म्हणजे नाहीच. एजंट हा क्रम उलटा सांगतो, कारण जमीन विकण्यास एक महिना पुरतो आणि शिष्यवृत्तीस एक-दोन वर्षे वाट पाहावी लागते.

या क्रमाने आज काय मिळू शकते, ते पाहू. सामान्य नियम असा की, पहिल्या पदवीसाठी परदेशात मदत फार थोडी मिळते, पदव्युत्तर अभ्यासास अधिक आणि संशोधनास सर्वांत जास्त. अमेरिकेतील पुष्कळ विद्यापीठे पीएच.डी.च्या विद्यार्थ्यास फी माफ करून वर निर्वाहवेतनही देतात. बदल्यात त्याने शिकवण्यात किंवा प्रयोगशाळेत साह्य करावयाचे असते. म्हणून बारावी झालेल्या मुलास लाखो रुपये घालून धाडण्यापेक्षा त्याने बालाघाट, जबलपूर वा नागपूर येथे चांगल्या गुणांनी पदवी घ्यावी आणि मग अर्ज करावा, हे शहाणपणाचे. इंग्लंड सरकारची चेव्हनिंग, राष्ट्रकुलाची कॉमनवेल्थ, अमेरिकेची फुलब्राइट-नेहरू आणि युरोपातील देशांची इरॅस्मस मुंडस या शिष्यवृत्त्यांत गुणी मुलांचा बहुतेक सारा खर्च चालतो. चेव्हनिंगसाठी पदवीनंतर सुमारे दोन वर्षे काम केलेले असावे लागते. तेव्हा नोकरीत काढलेली वर्षे फुकट गेली असे समजू नये.

जर्मनीचा मार्ग वेगळा आहे. तेथील बहुतेक सरकारी विद्यापीठे परदेशी विद्यार्थ्यांकडून शिक्षणाची फी घेत नाहीत. बाडेन-व्युर्टेम्बर्ग प्रांतात मात्र सत्राला १,५०० युरो द्यावे लागतात, आणि म्युनिकच्या तंत्रविद्यापीठानेही २०२४ पासून फी सुरू केली आहे. राहण्याच्या खर्चासाठी ११,९०४ युरो एका बंद खात्यात ठेवावे लागतात. त्यांतून महिन्याला ९९२ युरो काढता येतात. युरो शंभर रुपयांचा धरला तरी हे बारा लाखांच्या घरात जाते. रक्कम लहान नाही. पण ती फी नव्हे, मुलाच्याच पोटात जाणारी आहे.

सरकारी मदतीच्या बाबतीत आपल्या लोकांत बराच गैरसमज आहे, तो दूर झाला पाहिजे. अल्पसंख्याक समाजांच्या मुलांस परदेशी शिक्षणाच्या कर्जावरील व्याजात सूट देणारी ‘पढो परदेश’ ही केंद्र सरकारची योजना २०२२-२३ पासून बंद झाली आहे. ती मिळवून देतो असे आजही कोणी सांगत असेल, तर त्याच्यापासून दूर राहावे. पीएम-विद्यालक्ष्मी योजना आपल्याच देशातील निवडक संस्थांसाठी आहे. राष्ट्रीय अल्पसंख्याक विकास व वित्त महामंडळाच्या शैक्षणिक कर्जात मात्र परदेशी अभ्यासक्रमांचीही तरतूद आहे आणि व्याज बँकेहून हलके असते. त्याची चौकशी जिल्ह्याच्या ठिकाणी जरूर करावी.

आपल्या जिल्ह्यातील गोंड, बैगा इत्यादी आदिवासी कुटुंबांसाठी आणखी एक गोष्ट. ख्रिस्ती श्रद्धा स्वीकारल्याने अनुसूचित जमातीचा दर्जा जात नाही. त्यामुळे आदिवासी ख्रिस्ती मुलास केंद्र सरकारच्या राष्ट्रीय परदेशी शिष्यवृत्तीसाठी अर्ज करता येतो. तिच्या दरवर्षी वीस जागा असतात. मध्य प्रदेश शासनाचीही अनुसूचित जाती, जमाती व मागासवर्गीयांसाठी विदेश-अध्ययनाची योजना आहे. अनुसूचित जातींच्या बाबतीत १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती बांधवांस तो दर्जा मिळत नाही, ही खेदाची गोष्ट खरी. परंतु त्या खात्याच्या शिष्यवृत्तीत भूमिहीन शेतमजूर व परंपरागत कारागीर यांच्या मुलांसाठीही थोड्या जागा ठेवलेल्या आहेत. ती जाहिरात आपल्या शिक्षकांनी दरवर्षी बारकाईने वाचावी आणि कोण पात्र ठरतो ते पाहावे.

आता कर्जाविषयी. भारतीय बँकांच्या आदर्श शैक्षणिक कर्जयोजनेत साधारणतः चार लाखांपर्यंत तारण लागत नाही, साडेसात लाखांपर्यंत जामीन चालतो आणि त्यापुढे मालमत्तेचे तारण मागतात. परदेशी शिक्षणाच्या मोठ्या कर्जात खर्चाचा सुमारे पंधरा टक्के भाग घरच्यांनी घालावा लागतो. येथे शेतकऱ्याची खरी अडचण आहे. शेतजमीन तारण म्हणून घेण्यास बहुतेक बँका राजी नसतात, कारण थकलेल्या कर्जाच्या वसुलीसाठी २००२ साली जो कायदा झाला, त्यातून शेतजमीन वगळलेली आहे. ती तरतूद आपल्या रक्षणासाठी आहे हे विसरू नये. पण तिच्याच आडून एजंट व सावकार पुढे येतात आणि म्हणतात, बँक घेत नाही ना, मग आम्ही घेतो. खसरा-खतौनीचे कागद अशा माणसाच्या हाती क्षणभरही देऊ नयेत.

कर्जाचे गणितही बापाने व मुलाने एकत्र बसून करावे. समजा, वीस लाखांचे कर्ज दहा टक्के व्याजाने पहिल्याच दिवशी सगळे उचलले. अभ्यासाचे एक वर्ष व त्यानंतर सवलतीचे एक वर्ष हप्ता नाही. पण व्याज चालूच असते. सरळ व्याजाने दोन वर्षांत चार लाख चढले. चोवीस लाखांची फेड दहा वर्षांत करावयाची तर महिन्याचा हप्ता सुमारे ३१,७०० रुपये आणि एकंदर परतफेड ३८ लाखांवर. मुलगा तेथे नोकरीस लागला तर हप्ता जड नाही. पण न लागता परतला, तर येथील पगारात तो भरता येईल काय? इंग्लंडमध्ये पदवीनंतर नोकरी शोधण्यास दोन वर्षे मिळत. १ जानेवारी २०२७ पासून अर्ज करणाऱ्यांसाठी ही मुदत अठरा महिन्यांवर आणण्याचे तेथील सरकारने ठरवले आहे. आमचा नियम सोपा आहे: परत येऊन नागपूर-जबलपूरच्या पगारात जेवढा हप्ता भरता येईल, तेवढेच कर्ज काढावे.

एजंटांविषयी दोन शब्द लिहिणे भाग आहे. सगळेच लबाड असतात असे नाही. परंतु पुष्कळांस विद्यापीठाकडून दलाली मिळते, म्हणून ज्या संस्थेची दलाली मोठी, तिचीच ते स्तुती करतात. २०२३ साली कॅनडात भारतीय विद्यार्थ्यांची बनावट प्रवेशपत्रांची प्रकरणे उघडकीस आली आणि शिकून नोकरीस लागलेल्या मुलांवरही देश सोडण्याची टांगती तलवार आली. म्हणून फी सदैव विद्यापीठाच्या खात्यात थेट भरावी, एजंटाच्या हाती नव्हे. प्रवेशपत्र खरे की खोटे, हे विद्यापीठाला स्वतः लिहून विचारावे. विद्यापीठ त्या देशाच्या सरकारच्या मान्य यादीत आहे की नाही तेही पाहावे. या याद्या सर्वांना खुल्या आहेत.

पवित्र शास्त्रातील तोबिताची गोष्ट येथे आठवते. वृद्ध, आंधळ्या तोबिताने मेदियातील गाबाएलापाशी दहा तालांत चांदी ठेवली होती, आणि ती आणावयास त्याने आपला तरुण पुत्र तोबिया यास दूर देशी धाडले. पण कसे? हातचा लेखी करार देऊन, आणि विश्वासू सोबती शोधून. त्या सोबत्यास त्याने आधी कूळ व वंश विचारला, मग दिवसाला एक द्राख्मा अशी मजुरी उघडपणे ठरवली. तो सोबती होता महादूत राफाएल. प्रत्यक्ष महादूतालाही विचारपूस चुकली नाही. मग शहरातील एजंटाला ती का चुकावी? तोबियाची आई हन्ना मात्र रडू लागली. पैशावर पैसा जोडण्यापेक्षा लेक जवळ असलेला बरा, असे तिचे म्हणणे होते. घरोघरच्या आयांचे म्हणणे आजही तेच असते, आणि हिशेब मांडताना त्यांनाही शेजारी बसवून घ्यावे.

काही ठिकाणी व्हिसासाठी २८ दिवस दुसऱ्याचा पैसा आपल्या खात्यात ठेवून तो आपला म्हणून दाखवण्याची युक्ती सांगितली जाते. ती युक्ती नव्हे, आठव्या आज्ञेचा भंग आहे. खोट्या साक्षीवर आरंभलेल्या विद्येस बरकत येत नाही. शिवाय उघडकीस आल्यास पुढली अनेक वर्षे त्या देशाचे दार बंद होते.

आमच्या पत्रलेखकास आमचा सल्ला असा. शेत विकू नये. पाच एकर हे एकट्या थोरल्याचे नाहीत. ख्रिस्ती कुटुंबांस सामान्यतः लागू असलेल्या १९२५ च्या भारतीय वारसा कायद्यात मुलीचा वाटा मुलाच्या बरोबरीचा आहे. अकरावीत शिकणाऱ्या त्या मुलीला उद्या कॉलेजात जावयाचे आहे. भावाच्या एका वर्षासाठी तिचे शिक्षण आणि म्हातारपणाची भाकर एकदम खर्ची घालणे न्यायाचे नव्हे. मुलाने प्रवेश एक वर्ष पुढे ढकलता येतो काय, हे विद्यापीठास विचारावे. पुष्कळ विद्यापीठे तशी परवानगी देतात. त्या वर्षात नोकरी धरावी, शिल्लक टाकावी आणि टाटा निधी, चेव्हनिंग व जर्मनीतील विद्यापीठे यांकडे अर्ज करावेत. एवढे करूनही जमले नाही, तर आपल्याच देशात पदव्युत्तर शिक्षण घेऊन पुढे संशोधनासाठी जाण्याची वाट मोकळी आहे. मन मोडत नाही. ते फक्त थांबावयास शिकते.

शेवटचे मागणे आमच्या धर्मग्रामांकडे. १९१८ साली वसईच्या कॅथलिक बांधवांनी सहकारी पतसंस्था काढली. तीच पुढे बसीन कॅथलिक सहकारी बँक म्हणून वाढली. आपल्या गावी बँक नको. पण एका निधीस काय हरकत आहे? सुगीच्या दिवसांत प्रत्येक घराने एक पायली धान बाजूस काढावे, नोकरीस लागलेल्यांनी महिन्यास थोडे घालावे आणि त्यातून दरवर्षी एका मुलाची वा मुलीची परीक्षेची फी, अर्जाची फी, पारपत्राचा खर्च चालवावा. शिष्यवृत्तीच्या दारापर्यंत पोहोचण्याआधी गरिबाचे पाय या लहान रकमांसाठीच अडखळतात. शिकून कमावता झालेल्याने ती रक्कम परत भरावी, म्हणजे पुढच्याची सोय होईल. फादरांनी व शिक्षकांनी शिष्यवृत्तीच्या जाहिराती चर्चच्या फलकावर लावाव्यात आणि रविवारी मिस्सानंतर अर्धा तास अर्ज भरण्यास साह्य करावे.

विद्या ही देवाची देणगी आहे, आणि तिच्यासाठी घाम गाळणे हे पुण्यकर्म. पण ज्या घराच्या जोरावर मुलगा दूर देशी जातो, ते घर तो परत येईपर्यंत उभे राहिले पाहिजे. ज्यांच्या घरी असे मूल आहे, त्यांनी या आठवड्यात संध्याकाळच्या जपमाळेनंतर एक कोरा कागद घ्यावा, सर्वांनी मिळून बसावे आणि संपूर्ण खर्च एकदा लिहून काढावा. संत योसेफ सुतार होता. मोजल्याशिवाय त्याने लाकडाला करवत लावली नसेल. त्याची मध्यस्थी मागून हिशेबास आरंभ करावा.